काळ्या कागदावरची आतषबाजी

दिवाळीची सुटी लागण्यापूर्वीच्या आठवड्यात महाराष्ट्रातील अनेक बालवाड्यांमध्ये दोरीला चिमटे लावून काळे कागद वाळत घातलेले असतात, त्यांवर लाल, पिवळे, पांढरे, निळे असे लहान पंजे उमटलेले असतात, आणि दाराशी उभे राहून पाहिले की ते पंजे न दिसता रात्रीच्या आकाशात फुटलेले शोभेचे बाण दिसू लागतात. मुलाच्या हाताला रंग लावून कागदावर ठसा उमटवायचा, त्या ठशाला आतषबाजीचे रूप द्यायचे आणि खाली एखादी रेघ ओढून बाण कुठून उडाला ते दाखवायचे, एवढाच या कामाचा पसारा आहे. बालशिक्षणात अशा कामाला 'ठसेकाम' म्हणतात, म्हणजे रंग लावलेली वस्तू कागदावर दाबून तिचा आकार उमटवणे. भेंडीचा काप, पिंपळाचे पान, बाटलीचे झाकण यांपैकी काहीही ठशासाठी चालते, पण हाताचाच ठसा घेतला जातो तेव्हा साधन आणि कारागीर एकच होतात. अमेरिकेत हेच काम ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनासाठी आणि ब्रिटनमध्ये ५ नोव्हेंबरच्या गाय फॉक्स रात्रीसाठी करवून घेतले जाते, त्यामुळे तिकडे वाढणाऱ्या मराठी मुलांच्या वाट्याला ते एकाच वर्षात दोनदा यावे यात नवल नाही.

काम सोपे दिसते, आणि त्यामुळेच ते बहुधा मोठ्यांच्या हातून घडते. मुलाचे मनगट धरायचे, तळव्यावर ब्रश फिरवायचा, हात कागदावर नेमक्या जागी दाबायचा आणि लगेच उचलून नळाखाली धरायचा, असा क्रम एकदा बसला की वीस मिनिटांत तीस कागद तयार होतात आणि पालकांना दाखवायला भिंत भरते. त्या तीस कागदांमध्ये मुलांनी काय केले, असे विचारले तर हात उसना दिला यापलीकडे उत्तर सापडत नाही. प्रस्तुत लेखात या कामाची कृती सांगितली आहेच, परंतु कृतीतील कोणता भाग मुलाचा आणि कोणता मोठ्यांचा हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, कारण कागद, रंग आणि वेळ यांचे सगळे निर्णय त्याच्या उत्तरावर ठरतात.

पंजा आणि आतषबाजी यांचे साम्य वरवरचे नाही. आकाशात फुटणारा शोभेचा गोळा आतून पाहिला तर मधोमध स्फोटक दारू आणि तिच्याभोवती रंगीत ज्योत देणाऱ्या मिश्रणाच्या लहान गोळ्या रचलेल्या असतात, ज्यांना दारूकामाच्या परिभाषेत 'तारे' म्हणतात. मधली दारू फुटली की हे तारे एकाच क्षणी पेटून केंद्रापासून सर्व दिशांना सारख्या वेगाने फेकले जातात, आणि म्हणून दुरून एक गोल फूल उमलल्यासारखे दिसते. ताऱ्यांच्या मागे ठिणग्यांचे शेपूट राहिले तर त्या प्रकाराला जपानी कारागीर शेवंतीचे नाव देतात. केंद्रापासून बाहेर पसरणाऱ्या रेघांच्या अशा मांडणीला 'अरीय' रचना म्हणतात, चाकाच्या आऱ्यांसारखी म्हणून अरीय. पसरलेला पंजा हीसुद्धा एक अपुरी अरीय रचनाच आहे, कारण तळव्याच्या टाचेपासून, म्हणजे मनगटालगतच्या जाड भागापासून, पाच बोटे पंख्यासारखी फाकतात आणि अर्ध्या वर्तुळापेक्षा थोडी कमी जागा व्यापतात. त्यामुळे कागद फिरवत फिरवत तीन किंवा चार ठसे अशा रीतीने घेतले की तळव्याची टाच दर वेळी त्याच मध्यबिंदूवर टेकेल, तर पंधरा ते वीस किरणांचे पूर्ण फूल तयार होते, आणि कागद फिरवणे हे तीन वर्षांच्या मुलालाही जमणारे काम आहे.

मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्यांना ही रचना फार ओळखीची आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे बालशाळा चालवणाऱ्या ऱ्होडा केलॉग यांनी लहान मुलांची लाखो चित्रे जमवून त्यांतील आकारांचे वर्गीकरण केले आणि १९६९ साली त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गिरगोट्यांचे वीस मूलभूत प्रकार त्यांनी नोंदवले, आणि वर्तुळातून बाहेर जाणाऱ्या रेघांचा सूर्यासारखा आकार मूल माणसाची आकृती काढू लागण्यापूर्वी स्वतःहून काढते, हेही त्यांनी दाखवले. पुढे त्याच सूर्याच्या किरणांचे हातपाय होतात आणि डोक्यातूनच हात फुटलेला तो सुप्रसिद्ध माणूस जन्माला येतो. ज्या वयात मूल किरणांच्या आकाराशी आपण होऊन खेळत असते त्याच वयात त्याच्यापुढे आतषबाजीचा विषय येतो, हा योग दिवाळीने जुळवून आणला आहे. शिकवणाऱ्याने त्यात फारशी ढवळाढवळ न केली तरी चालते.

हाताचा ठसा उमटवण्याची हौस तर लिपीच्याही कितीतरी आधीची आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या गुहांमध्ये सापडलेला हाताचा एक आकार किमान ३९,९०० वर्षांपूर्वीचा असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनातून दिसून आले. तो अर्थात ठसा नव्हे. हात भिंतीवर टेकवून भोवती तोंडाने रंग फवारला आणि हात काढून घेतला की मागे हाताएवढी रिकामी जागा राहते, आणि तिला 'ऋण छाप' म्हणतात, तर रंगवलेला हात दाबून उमटवलेल्या आकाराला 'धन छाप' म्हणतात. अर्जेंटिनातील 'हातांची गुहा' या नावाने प्रसिद्ध असलेल्या जागतिक वारसास्थळी अशा ऋण छापांची गर्दीच आहे. मुले या उद्योगात तेव्हाही होती. फ्रान्समधील रूफिन्याक गुहेच्या मऊ पृष्ठभागावर बोटांनी ओढलेल्या समांतर रेघांची रुंदी मोजून संशोधकांनी त्यांतील काही रेघा अगदी लहान मुलांच्या असल्याचा निष्कर्ष काढला आहे, आणि त्यांपैकी काही इतक्या उंचावर आहेत की त्या मुलांना कोणीतरी उचलून धरले असले पाहिजे. मोठ्यांनी उचलून धरायचे आणि रेघ मुलाने ओढायची, ही कामाची वाटणी आजच्या बालवाडीनेही जशीच्या तशी घ्यावी इतकी चोख आहे.

मराठी घरांत हात हा ठसा म्हणून वापरण्याची रीत आजही जिवंत आहे, फक्त तिला कोणी हस्तकला म्हणत नाही. गोकुळाष्टमीला बाळकृष्णाची किंवा भाद्रपदात गौरीची पावले उमटवताना घरातील बाई मूठ वळते, मुठीची करंगळीकडची कड तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवून जमिनीवर टेकवते आणि त्या वळणदार ठशाच्या वरच्या बाजूला बोटाच्या टोकाने पाच ठिपके देते, की हाताचे पाऊल झाले. उजव्या मुठीने एक आणि डाव्या मुठीने दुसरे पाऊल उमटते, आणि उंबरठ्यापासून देवघरापर्यंत कोणीतरी चालत गेल्याची खूण राहते. ज्या मुलाने हे एकदा पाहिले आहे त्याला पंजाचा बाण होतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हाताच्या ठशाला कायद्यानेही मान दिला आहे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्याच्या कागदावर घेतला, आणि ओळख पटवण्यासाठी बोटांचे ठसे वापरण्याच्या आधुनिक पद्धतीचा आरंभ पुष्कळदा तिथपासून सांगितला जातो. बोटांवरच्या बारीक रेषांची नक्षी जन्मापूर्वीच, आईच्या पोटात, पक्की झालेली असते आणि ती दोन माणसांत सारखी सापडत नाही, त्यामुळे रंग पातळ लागला असेल तर बालवाडीतल्या कागदावरही ती सही उमटते.

आतषबाजीचा मराठी इतिहास येथे थोडक्यात पुरे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या पाच शतकांतील भारतीय आतषबाजीचा मागोवा घेणारा निबंध लिहिला असून तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. पेशव्यांच्या बखरीत 'दारूच्या लंकेचा' प्रसंग आहे, ज्यात महादजी शिंदे कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सवाई माधवरावांना ऐकवतात आणि मग तसाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशी उभा केला जातो. दारू म्हणजे येथे अर्थातच बंदुकीची दारू, आणि गोव्यात व कोकणात जत्रेतल्या आतषबाजीला आजही 'दारूकाम' म्हणतात. फुलबाजी, भुईनळा, भुईचक्र, बाण, लवंगी, नागगोळी ही नावे मुलांच्या तोंडी असतातच, आणि ठसेकामाच्या वेळी ती उपयोगी पडतात, कारण सगळेच ठसे आकाशात फुटलेले असण्याचे कारण नाही. मनगट कागदाच्या खालच्या कडेला टेकवून बोटे वर केली की भुईनळा होतो, बोटांची नुसती टोके गोलाकार टेकवत नेली की भुईचक्र होते, आणि एकाच बोटाच्या ठशाभोवती ठिपके दिले की फुलबाजी होते.

रंगांची निवड करताना खऱ्या दारूकामातील रंग कुठून येतात हे शिकवणाऱ्याला ठाऊक असणे बरे, कारण चार-पाच वर्षांची मुले तो प्रश्न विचारतात. प्रत्येक धातूचे अणू तापले की आपापल्या ठरलेल्या रंगाचा प्रकाश देतात. स्ट्रॉन्शियमच्या क्षारांपासून लाल, बेरियमपासून हिरवा, सोडियमपासून पिवळा, कॅल्शियमपासून नारिंगी आणि तांब्यापासून निळा रंग मिळतो, तर ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांची भुकटी झगझगीत पांढरा उजेड देते आणि फुलबाजीच्या सोनेरी ठिणग्या लोखंडाच्या किसामुळे उडतात. यांत निळा सर्वांत अवघड, कारण तो रंग देणारे तांब्याचे संयुग फार उष्णतेत टिकत नाही आणि ज्योत जरा अधिक तापली की रंग फिका पडतो. कागदावर मात्र तोच निळा रंग बाटलीतून सहज निघतो, आणि आकाशात दुर्मीळ असलेला गडद निळा बाण मुलाच्या कागदावर हवा तेवढा मोठा होऊ शकतो.

फटाक्यांचा धूर आणि आवाज यांचा विषय या कामाशी जोडलेला आहे, तो टाळून चालत नाही. २०१५ साली दिल्लीतील तीन तान्ह्या मुलांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात फटाक्यांविरुद्ध याचिका दाखल झाली, त्या वेळी अर्जदारांपैकी कोणालाही धड बोलता येत नव्हते. त्याच प्रकरणात २३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यायालयाने दिवाळीत फटाके उडवण्यास रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली आणि बेरियमच्या क्षारांचा वापर करण्यास मनाई केली, म्हणजे पारंपरिक हिरव्या बाणाचा रंगच कायद्याच्या कचाट्यात सापडला. त्यानंतर आलेले, तुलनेने कमी धूलिकण सोडणारे 'हरित फटाके' नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने विकसित झाले. तरीही ठसेकामाला फटाक्यांविरुद्धच्या मोहिमेचा फलक बनवण्याची जी प्रवृत्ती अलीकडे दिसते ती फारशी शहाणपणाची नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या कागदावर मोठ्यांनी घोषवाक्य लिहिले की कागद मोठ्यांचा होतो. मुलाशी बोलायचेच असेल तर आवाजाविषयी बोलावे. बरीच लहान मुले सुतळीबाँबच्या आवाजाने दचकतात, कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत जातात, आणि आतषबाजीचे जे रूप त्यांना आवडते, म्हणजे आवाजावाचून नुसता उजेड, ते या कागदावर मिळते.

आता हाताकडे वळता येईल. प्रौढ माणसाच्या हातात २७ हाडे असतात आणि त्यांतील आठ मनगटात असतात, परंतु जन्मावेळी मनगटाची ती आठही हाडे कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारख्या मऊ पण लवचीक पदार्थाची असतात. कूर्चेचे हळूहळू हाडात रूपांतर होण्याच्या क्रियेला 'अस्थीभवन' म्हणतात; पहिल्या वर्षात मनगटाची साधारण दोन हाडे तयार होतात, नंतर ढोबळमानाने वर्षाला एक अशी भर पडत जाते, आणि म्हणून क्ष-किरण चित्रावरून डॉक्टर मुलाच्या हाडांचे वय सांगू शकतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात आठांपैकी जेमतेम तीन हाडे दिसत असतील तर त्याच्याकडून पेन्सिल तीन बोटांत नीट धरण्याची अपेक्षा किती अवाजवी आहे हे निराळे सांगायला नको. या वयात खांदा आणि कोपर यांच्या हालचाली आधी स्थिरावतात, बोटांचे बारीक काम मागाहून येते. पंजा दाबण्याचे काम खांद्यापासून होते, म्हणून ते बारीक ब्रश धरण्याच्या कितीतरी आधी जमते. बोटांनी रंगवण्याच्या पद्धतीला शिक्षणात मान मिळवून देणाऱ्या अमेरिकेच्या रूथ शॉ यांचे १९३४ सालचे पुस्तक आणि व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचा १९४७ सालचा मुलांच्या चित्रविकासावरचा ग्रंथ या दोहोंचा रोख असा आहे की मुलाच्या हाताला जे आज जमते तेथून आरंभ करावा. लोवेनफेल्ड तर आयत्या आकृत्यांत रंग भरण्याच्या वह्यांचे कडवे टीकाकार होते.

साहित्यात पहिला विचार कागदाचा. काळा जाड कागद, ज्याला दुकानात कार्डशीट म्हणतात, या कामाला उत्तम, कारण पातळ घोटीव कागद ओल्या रंगाने गोळा होतो आणि हाताला चिकटून वर येतो. काळ्यावर दिसण्यासाठी रंग अपारदर्शक हवा, म्हणजे खालचा काळा रंग झाकणारा. जलरंग किंवा खाण्याचा रंग काळ्यावर अदृश्य होतो, पोस्टर रंग टिकतो, आणि लाल व निळ्यात थोडा पांढरा मिसळला तर ते उजळून येतात. ज्या वयात हात अजून तोंडात जातो त्या मुलांसाठी रंग घरीच करावा. एक वाटी मैदा तीन वाट्या पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवून मंद आचेवर सतत ढवळत शिजवला की आकाशकंदिलाला वापरतात तशी खळ होते. ती पूर्ण निवल्यावर डोशाच्या पिठाएवढी सैल करून त्यात हळद, बिटाचा रस किंवा खाण्याचा रंग घालावा आणि अशा रंगासाठी काळा कागद सोडून पांढरा किंवा फिका निळा घ्यावा. शेंदूर आणि रांगोळीचे रंग हाताशी असले तरी ते मुलांच्या हाताला लावू नयेत, कारण शेंदरात शिशासारखे विषारी घटक असू शकतात आणि रांगोळीची पूड त्वचेसाठी केलेली नसते. चकाकीची भुकटी बहुधा बारीक प्लास्टिकची असते, ती डोळ्यांत आणि तोंडात जाते. तीन वर्षांखालील मुलांच्या कामात तिला जागा नाही.

रंग लावण्याची रीत हा सगळ्यांत दुर्लक्षिलेला भाग आहे. तळव्यावर ब्रश फिरवला की गुदगुल्या होतात, मूल हसत हसत मूठ मिटते, बोटांच्या बेचक्यांत रंगाचे गोळे जमतात आणि कागदावर पंजाऐवजी डाग उमटतो. मग मोठी माणसे बोटे ओढून सरळ करतात आणि मुलाचे काम तेथेच संपते. त्याऐवजी पसरट ताटलीत सुती कापडाच्या चार-पाच घड्या ठेवून त्यांत रंग मुरवावा, म्हणजे कचेरीतल्या शिक्क्याच्या गादीसारखी गादी तयार होते, आणि मुलाने हवा तेव्हा आपला हात तिच्यावर थापावा. गादीमुळे रंगाचे प्रमाण आपोआप बेताचे राहते. दुसरी बाब कागदाखालच्या बैठकीची. तळव्याला मध्यभागी खोलगटपणा असतो, कठीण टेबलावर तो भाग कागदाला टेकतच नाही आणि ठशात मधोमध भोक राहते, म्हणून कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी किंवा जुनी चादर घालावी. आतषबाजीच्या फुलासाठी मात्र हीच त्रुटी उपयोगाची ठरते, कारण तीन-चार पूर्ण पंजे एकाच केंद्रावर पडले तर मध्ये रंगाचा चिखल होतो. त्यासाठी तळवा कोरडा ठेवून फक्त बोटे गादीवर टेकवली तर किरण स्वच्छ उमटतात आणि मधली जागा अंधारी राहते, जशी खऱ्या बाणात राहते.

एका रंगावर दुसरा घेताना पहिला वाळू द्यावा लागतो. ऑक्टोबरच्या उन्हात खळीचा पातळ ठसा अर्ध्या तासात वाळतो, पण वाट पाहणे हे तीन वर्षांच्या माणसाला पटणारे तत्त्व नाही, आणि लालावर हिरवा पडून तपकिरी झाला तर त्या तपकिरी बाणाबद्दल हळहळण्याचे कारण बहुधा फक्त मोठ्यांपाशी असते. ठसा सरकण्याचेही तसेच. हात सरळ वर न उचलता ओढत काढला की बोटांच्या टोकांना रंगाची शेपटे फुटतात, ताई त्याला बिघाड समजतात आणि नवा कागद देतात. वास्तविक ठिणग्यांचे शेपूट मागे ठेवणारी ती शेवंती असते, आणि मुलाने हात मुद्दाम ओढला की चुकून ओढला गेला हे त्याच्या चेहऱ्यावरून कळते. मुद्दाम ओढला असेल तर तो पुन्हा ओढतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी ओढ लांब होते, मग वळते, आणि नेमका त्याच ठिकाणी ठशाचा शोध संपून चित्राचा सुरू होतो.

काही मुलांना चिकट रंग हाताला लागणेच सहन होत नाही, ती हात मागे घेतात किंवा रडतात, आणि त्यांत हट्ट किंवा भित्रेपणा शोधणे चूक आहे. स्पर्शाची संवेदना काहींना इतरांपेक्षा तीव्र जाणवते. अशा मुलाचा हात धरून कागदावर दाबणे सर्वथैव वर्ज्य मानावे. त्याच्यासाठी भेंडी आहे. भेंडी आडवी कापली की पाच कप्प्यांची चांदणी मिळते, देठाकडचा तुकडा धरायला बोटभर मूठ आयतीच असते, आणि भेंडीच्या ठशांनी भरलेले आकाश पंजाच्या आकाशापेक्षा पुष्कळदा अधिक नाजूक दिसते. पुठ्ठ्याच्या नळीचे एक तोंड उभे कातरून पट्ट्या बाहेर वाकवल्या तर तिचाही ठसा फुटलेल्या बाणासारखा येतो, मात्र कातरकाम मोठ्यांना करावे लागते.

साहित्य आसपासचेच घ्यावे हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हे काम नेताना दोघींनी माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून बिया, पाने, शंख-शिंपले, माती यांच्यावर बालवाडी उभी केली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेण्याचा त्यांचा प्रयोग 'अंगणवाडी' या शब्दाला अर्थ देऊन गेला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर तो शब्द देशभर पोहोचला. वीस-पंचवीस मुले, एक सेविका आणि एक मदतनीस अशा अंगणवाडीत पंजाचे काम एकाच वेळी सगळ्यांकडून करवून घेणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण आहे. चार मुले रंगापाशी, बाकीची मातीकाम किंवा किल्ल्याच्या खेळात, आणि रंगापाशी बसलेल्यांना हवा तेवढा वेळ, अशी पाळी लावली तर सगळ्यांचे कागद व्हायला तीन-चार दिवस लागतात, आणि लागू द्यावेत. भिंत एका दिवसात भरली पाहिजे असा नियम कुठल्याही शासकीय परिपत्रकात नाही.

मोठ्यांच्या वाट्याला मग काय उरते? गादी तयार ठेवणे, बाह्या वर सारणे, कागद सरकू नये म्हणून कडेने धरणे, आणि विचारले तर सांगणे. कागदाच्या मागच्या बाजूला नाव आणि तारीख लिहावी, पुढच्या बाजूला नव्हे. बाण कुठून उडाला हे दाखवणारी रेघ खडूने किंवा बोटाने मुलालाच ओढू द्यावी. कित्येक मुले ती ठशापासून खाली न नेता वरच्या कडेपर्यंत नेतात, आणि विचारल्यावर बाण अजून वर चालला आहे असे सांगतात. त्यात दुरुस्ती करण्याजोगे काही नाही. चारही कोपऱ्यांत ताईंनी काढलेली चंद्रकोर आणि चांदण्या मात्र टाळाव्यात. दिवाळीतल्या लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असते, त्यामुळे ती चंद्रकोर पंचांगालाही धरून नसते.

हात धुण्याची सोय कामाच्या आधी करून ठेवावी लागते, कारण रंगलेल्या हातांचे मूल नळाकडे धावताना भिंत, दार आणि दुसऱ्याचा सदरा यांवर ठसे उमटवत जाते. कोमट पाण्याची एक रुंद बादली जवळच ठेवली तर हा प्रश्न सुटतो आणि दुसरा उभा राहतो. मूल हात पाण्यात घालते, बोटांतून पिवळा रंग धुरासारखा सुटतो, मागोमाग निळा येतो, दोन्ही मिळून हिरवे होतात, मूल हात बाहेर काढून पाहते आणि पुन्हा आत घालते, आणि मागे ओळीत उभी असलेली तीन मुले बादलीवर वाकतात. कागदावर जेवढा वेळ गेला त्याच्या दुप्पट वेळ येथे जातो. वेळापत्रक आखताना तोही धरावा, आणि बादल्या दोन ठेवाव्यात.